माणसं मिळत नाहीत? एजन्सीवाल्यांनो, एवढं कराच

कोकणात मनुष्यबळ पुरवण्याच्या धंद्यात उतरलात ना, मग आधी एक वाक्य पाठ करा: "हल्ली कामच नको झालंय लोकांना." लोट्याच्या केमिकल कंपनीत एचआरच्या केबिनमध्ये, मिरकरवाड्याला जेटीवर, तारकर्लीच्या रिसॉर्टच्या मॅनेजरपुढे, कुठेही म्हणा, समोरचा मान डोलावतोच. कुणी आगाऊपणे "पण तुम्ही देता किती?" असं विचारलंच, तर लगेच चहा मागवा.

पुरावा मागितला तर जनगणना काढा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. मात्र माणसं गेली, एवढंच सांगून थांबा. का गेली यात शिरलात की बोलणं पगारावर येतं, आणि मग दुसरा चहा मागवावा लागतो. गेलेल्यांतला एखादा बोरिवलीच्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा असेल. त्याला तिथे उभं करणारा एजन्सीवालाही माणसं मिळत नाहीत म्हणूनच रडत असेल. ते दुःख त्याचं त्याला राहू दे.

आता जाहिरात. व्हॉट्सअॅपवर टाका: "अर्जंट! हेल्पर पाहिजेत. पगार १८,०००. राहणं फ्री." अठरा हजार म्हणजे कंपनीचा एकूण खर्च, हे लिहून उगाच जागा अडवू नका. पीएफचे १२ टक्के कामगाराचे आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, हे कापून घेण्यात नवल काही नाही. खरं कौशल्य मालकाच्या हिश्श्यात आहे. पीएफचे त्याचे १२ आणि वरचे शुल्क, ईएसआयचे सव्वातीन, हे सगळं त्या अठरातच बसवायचं. मग हातात साडेतेरा हजारांच्या आसपास उरतात. त्यातून गणवेश, बूट आणि ओळखपत्राची अनामत घ्या. "फ्री" खोलीचं लाइटबिलही घ्या, कारण खोली फ्री म्हटली होती, लाइट नव्हे. कंपनीला मात्र बिल पूर्ण लावा, त्यावर आपलं सर्व्हिस चार्ज आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. पोरगा महिन्याभरात पळाला तर ग्रुपवर लिहा: "आजच्या पिढीत चिकाटी नाही." खाली अंगठे येतील.

खलाशांचं काम जरा नाजूक असतं, त्यामुळे इथे थोडं थांबतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्ट लागला की प्रत्येक नौकामालकाला तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि खलाशी एकाच दिवशी हवे असतात. स्थानिक पोरं बोटीवर चढायला तयार नाहीत, म्हणून नेपाळची वाट धरायची. १९५० च्या तहामुळे त्यांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, हे आपलं भाग्यच. गावात जाऊन मुकादमाच्या हातावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठेवा. त्यातली खलाशापर्यंत किती पोचली, हे विचारण्याचा खवचटपणा करू नका. बोटीवर आला की त्याचं ओळखपत्र "सांभाळायला" स्वतःकडे घ्या. एवढी काळजी घेऊनही एखादा उचल घेऊन शेजारच्या बंदरातल्या बोटीवर गेला, तर "विश्वासच राहिला नाही" असं म्हणायला तुम्ही मोकळे.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, ऐन हंगामात, तो नेपाळी खलाशी म्हणणार, दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, घरी जायचंय. अजिबात सोडू नका. आपण चवथीला आणि शिमग्याला गावी जातो ती संस्कृती. त्याने दशैंला जाणं म्हणजे कामचुकारपणा.

चवथीवरून आठवलं. स्थानिक पोरगा चार दिवस आधी येऊन सांगतो, "चवथ झाली काय येतंय." तो येत नाही. रजा मागितली की आपण नाव कापतो, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो मागतच नाही, सरळ जातो. यावरचा रूढ उपाय म्हणजे आणखी दोन दिवसांचा पगार कापणे. उपाय लागू पडत नाही, पण केल्याचं समाधान मिळतं.

कुणालाही २४० दिवस भरू देऊ नका, भरले की कायद्याने हक्क चिकटतात. साधारण आठव्या महिन्यात ब्रेक द्या आणि पुन्हा नवीन म्हणून घ्या. असं केल्याने माणूस कायम नवशिका राहतो आणि नवशिक्याला नवशिक्याचाच दर. काजूच्या कारखान्यात बी न मोडता सोलणारी बाई पंधरा वर्षं तेच करत असली तरी मस्टरवर तिला "अकुशल" लिहा. तिचा हात किती चालतो हे आपल्याला बघायचंय, मस्टरला नाही.

शेवटी एका माणसापासून सावध राहा. प्रत्येक तालुक्यात एखादा बागायतदार असतोच. हापूसच्या बागेत राखणीला तो दरवर्षी तीच नेपाळी माणसं ठेवतो. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात देतो, पत्र्याखाली का होईना पण पंखा असलेली खोली देतो, आणि पाऊस लागायच्या आत हिशेब चुकता करून त्यांना गाडीत बसवून देतो. पुढच्या हंगामात ती माणसं परत येतात आणि येताना धाकट्या भावालाही आणतात. त्याला एजन्सी लागत नाही, जाहिरात लागत नाही. हा माणूस मार्केट बिघडवतो, असं चारचौघांत ठणकावून सांगा. आणि १ ऑगस्टला बोट अडली तर रात्री गुपचूप त्यालाच फोन लावा, पाच-सहा माणसं उसनी मिळतात का ते बघायला.