'गाडी गळ्यात मारली' या रिव्ह्यूला बाइकच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या सहलीचा विचका झाला आणि परत आल्यावर गाडी 9 दिवस आमच्याकडे अडकली, याबद्दल मनापासून माफी मागतो. क्लच प्लेट्स पुण्याहून मागवाव्या लागल्या, मध्ये सुट्टी आली, खर्चाला तुमचा होकार यायला 3 दिवस गेले, हे सगळं खरं. पण रोज एक फोन करून गाडी कुठवर आली ते कळवायला हवं होतं. ते झालं नाही. ती चूक आमची.

बाकीचं मात्र लिहावंच लागेल, कारण आजकाल गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू वाचतं आणि मग दुकानाची पायरी चढतं. तुम्ही लिहिलंय, 'वाळू आणि ट्रेल (दगड-मातीची पायवाट) दोन्हीकडे चालेल सांगून गाडी गळ्यात मारली. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत शंभर मीटरही गेली नाही, क्लच जळाला, वर 7,850 रुपयांचं बिल.' दोन्हीकडे चालेल असं आम्ही म्हटलं होतं, आजही म्हणतो. पण वाक्य तिथे संपलं नव्हतं. 'सेटिंग बदलून' हे त्यातले दोन शब्द रिव्ह्यूत आलेच नाहीत, आणि सगळी भानगड त्या दोन शब्दांतच आहे.

गाडी देताना एक पिवळं कार्ड दिलं होतं. एका बाजूला 'दगड-माती', दुसऱ्या बाजूला 'वाळू', खाली हवा, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), फिल्टर, चेन. गाडी पार्सलने परत आली तेव्हा सीट काढली, तर ते कार्ड टूलकिटच्या पाऊचमध्ये तसंच होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आता हवेबद्दल. रिव्ह्यूत तुम्ही 'टायरच्या हवेचं कारण पुढे करून हात झटकले' असं लिहिलंय, आणि खरं सांगतो, तेच जास्त लागलं. क्लच जळाल्यावर गाडी चालवलीच गेली नाही, थेट पार्सलला चढली. म्हणजे वाळूत जी हवा होती तीच आमच्याकडे उतरवताना होती. आमच्या हवा मोजायच्या गेजवर मागचा टायर 29 पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) दाखवत होता. ही डांबरी रस्त्याची हवा झाली. कार्डावर लिहिलं होतं: रस्त्यावर 28 ते 30, काटोल-कोंढाळीकडच्या काळ्या दगडात 16 ते 18, वाळूच्या टेकडीवर 10 ते 12. दगडात याहून कमी केली तर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला सापाच्या दाढांसारखी दोन भोकं पडतात. वाळूत उलटं. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगते. 29 वर तोच टायर फावड्यासारखं खणतो. तुम्ही टाकलेला पहिलाच फोटो मोठा करून बघा. मागचं चाक एक्सलपर्यंत गाडलेलं आहे आणि जेवढा टायर वर दिसतो त्याची बाजू ताठ सरळ आहे, कुठेही फुगवटा नाही. 12 पीएसआयचा टायर असा दिसत नाही भाऊ.

इतकी कमी हवा ठेवली तर जोर लावल्यावर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह ट्यूबमधून उपटून निघतो. म्हणूनच मागच्या चाकाला टायर रिमवर घट्ट धरून ठेवणारा रिम लॉक बसवून दिला होता. तो फुकट दिला होता, बिलात कुठेही नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मशीनवर 10-12 चा आकडा भरवशाचा नसतो, त्यासाठी 0 ते 30 वाला छोटा गेज लागतो. तो घ्या असं सुचवलं होतं, तुम्ही 'नंतर बघू' म्हणालात. आणि हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, तापलेला टायर आकडा वाढवून सांगतो.

'कन्हानच्या वाळूत तर मस्त चालली होती' असंही तुम्ही लिहिलंय. चालणारच. नदीची वाळू जाड, कोनेदार असते, दाणे एकमेकांत अडकतात, आणि चार बोटं खाली ओल असते. थर वाळवंटाची वाळू वाऱ्याने वाहून घासलेली, बारीक, गोलसर आणि कोरडी. दोन्हीला आपण वाळूच म्हणतो, पण चाकाखाली त्या वेगळ्या आहेत. टेकडीची वाऱ्याकडची बाजू हलक्या उताराची आणि घट्ट असते, पाठीमागची बाजू 33-34 अंशांची आणि भुसभुशीत. चढायचं ते वाऱ्याकडून, तेही सकाळी, दव असेपर्यंत. तुमच्या फोटोत सावली पायाखाली आलेली आहे. भर दुपारी त्या वाळूत अनुभवी माणूसही जपून जातो.

आता क्लच का जळाला ते. चाक रुतल्यावर पहिल्या गिअरला रेस देऊन, क्लच अर्धा धरून गाडी काढायचा प्रयत्न झाला की प्लेट्स घसरतात आणि तापतात. घसरून झिजल्या की पातळ होतात, मग केबलचा प्ले (मोकळी ढिलाई) संपतो, आणि लिव्हर पूर्ण सोडला तरी क्लच पूर्ण धरत नाही. म्हणजे घसरण आणखी वाढते. लिव्हरच्या टोकाशी 10 ते 15 मिमी प्ले असावा लागतो. तुमच्या गाडीत शून्य होता. उघडल्यावर स्टीलच्या प्लेट्स निळ्या पडलेल्या, फ्रिक्शन प्लेट्स काचेसारख्या गुळगुळीत, आणि ऑइलला जळकट वास. ही निळाई एका झटक्यात येत नाही. गाडी रुतली की रेस बंद करायची, गाडी आडवी पाडायची, चाकाखालचा खड्डा पायाने बुजवायचा, उभी करायची आणि उताराच्या दिशेने तोंड करून निघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त लाज वाटते म्हणून कोणी करत नाही.

शिवाय मागे सामानाचा टॉप बॉक्स होता. तो आम्ही लावलेला नाही. वाळूत रायडरने मागे सरकायचं ते पुढचं चाक हलकं व्हावं म्हणून. पण एक्सलच्याही मागे बांधलेलं सामान मागच्या चाकाला थेट खाली दाबतं. पिशवीत 12 दातांचा पुढचा स्प्रॉकेट दिला होता, 13 चा काढून तो बसवायचा होता. पुढे एक दात कमी म्हणजे मागे साधारण तीन दात वाढवल्यासारखं. दोनशे सीसीची गाडी वाळूत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ओढत राहायला तेवढं पुरतं. तो स्प्रॉकेट प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आला नव्हता.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं की 250 सीसीची मोटोक्रॉस (कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडीच घ्यायला हवी होती. वाळूपुरतं बरोबर आहे. कावासाकीच्या केएक्स 250 सारखी गाडी टेकडी हसत चढेल. पण तिला लाइट नाही, इंडिकेटर नाही, आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणजे एमएच 31 ची नंबराची पाटी तिला कधीच लागणार नाही. घरून रामटेकपर्यंत न्यायलाही पिकअप लागेल. त्या इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. सस्पेन्शन उड्यांसाठी कडक, त्यामुळे दगडी पायवाटेवर सावकाश चालवताना मनगटं भरून येतात, आणि फॅन नसल्याने कमी वेगात इंजिन तापतं. तुम्हाला महिन्यातून तीन रविवार ट्रेल आणि वर्षातून एकदा राजस्थान करायचं होतं. त्यासाठी पाटी लागणारी, हलकी, पुढे 21 आणि मागे 18 इंच चाकांची गाडी हेच उत्तर होतं. जास्त ताकद हवी तर केटीएमची 390 एंड्युरो आर दाखवली होती, 399 सीसी, चाकं तीच 21-18. ती बजेटमध्ये बसली नाही, यात तुमचाही दोष नाही आणि आमचाही. तुम्ही घेतलेल्या गाडीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, बिचारीची काही चूक नाही.

बिलाचं थोडक्यात. 7,850 पैकी मजुरी 1,600. उरलेले पार्टचे, त्यात एअर फिल्टरचे 450 आहेत. तुमच्या गाडीला कागदी फिल्टर आहे, फोमसारखा धुऊन तेल लावायचा नाही. वाळूच्या एका दिवसानंतर झटकून बघायचा आणि भरला असेल तर बदलायचा. जुना उलटा केला तेव्हा चमचाभर वाळू निघाली. आणखी थोडे दिवस तसाच चालला असता तर पिस्टन रिंगा गेल्या असत्या आणि बिल दुप्पट झालं असतं. चेनवर चिकट ल्यूब मारलेलं होतं, त्यावर वाळू बसून पॉलिश पेपर तयार झाला होता. ती चेन केरोसिनने धुऊन दिली, त्याचे पैसे लावले नाहीत.

असो. आमच्याकडूनही काही सुधारणा करतो आहोत. कार्ड आता गाडी देताना वाचून दाखवू, फोनवरही पाठवू, आणि पार्ट उशिरा येणार असतील तर कळवण्याचं काहीतरी नीट बसवू. पुढच्या वेळी राजस्थानला निघण्याआधी गाडी आणा, हवा आणि स्प्रॉकेटची सेटिंग आम्हीच करून देऊ, पैसे नकोत. फक्त निघायच्या आदल्या संध्याकाळी आणू नका, दोन दिवस आधी आणा.

तुमच्या जुन्या क्लच प्लेट्स वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरखाली ठेवल्या आहेत. शंका असेल तर त्या दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकला दाखवा, आमची हरकत नाही. दुकान सकाळी 10 ते रात्री 8, मंगळवारी बंद.

– दुकानमालक