‘गाडी दुरुस्तीला दिली, तर घर दुरुस्त करा म्हणाले’: एक स्टार देऊन लिहिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. तुमची 1969 ची फियाट 1100 डिलाईट काम होऊन थंडीच्या अखेरीस आमच्याकडून गेली. तुमचं म्हणणं असं की मे लागताच ती भर दुपारी व्हेरायटी चौकात बंद पडू लागली, घरात पेट्रोलचा वास येतो, बॉनेटवर पांढरे डाग पडले, स्टिअरिंगला तडे गेले, व्हिंटेज नंबराचं काम आम्ही टाळलं, आणि हे सगळं सांगायला आलात तर मी तुम्हाला तुमच्या पोर्चकडे बघायला सांगितलं. सांगितलं होतं, आणि आजही तेच सांगतो. त्या दिवशी गॅरेजात गर्दी होती, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. आता सविस्तर लिहितो. विदर्भात जुनी गाडी बाळगणारे आणखी लोक हे वाचतील, त्यांनाही उपयोग होईल.

आधी बंद पडण्याचं. नव्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. तुमच्या फियाटचा पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला आहे आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळणं लवकर सुरू होतं. पेट्रोलमधले हलके घटक तर 35-40 अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात. नवतपात आपल्याकडे सावलीतच 45 अंश असतात, बॉनेटखाली किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, कोरडा पडतो. जुने अँबेसिडरवाले यासाठी पंपावर ओलं फडकं टाकायचे. तो अडाणीपणा नव्हता, फडक्यातलं पाणी उडताना पंप खरोखरच थंड होतो.

गाडी चालू असते तोवर पंखा फिरतो, रेडिएटरचं पाणी फिरतं, त्यामुळे निभतं. खरी गडबड गाडी थांबवल्यावर होते. पंखा थांबला, पाणी थांबलं, पण तापलेलं लोखंड आपली उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं वर सोडतच राहतं. तुम्ही लिहिलंय की गाडी घरून चौकापर्यंत नीट येते आणि बँकेतून परत आलात की चालू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका. बॉनेट उघडून वीस मिनिटं सावलीत चहा घ्या.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकलाइटचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचं, जाड पॅकिंग आणि एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याचा आडोसा, एवढं आम्ही तेव्हाच सुचवलं होतं. ‘कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे’ असं म्हणून तुम्ही नको म्हणालात. तुमचा तो हट्ट मला मनापासून आवडतो. पण ही गाडी कुर्ल्याहून निघाली तेव्हा पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळत नव्हतं. इथेनॉल मिसळलं की हलक्या घटकांची वाफ आणखी लवकर सुटते, आणि जुनं रबर फुगतं ते वेगळंच. म्हणूनच नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकले. बिलात ते लिहिलेलं आहे.

आता पेट्रोलचा वास. सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘लीक तसंच ठेवून गाडी दिली.’ तुमच्याच फोटोत गाडीचं तोंड हॉलच्या खिडकीकडे आहे आणि त्या खिडकीला डेझर्ट कूलर लावलेला आहे. कूलर बाहेरची हवा ओढतो आणि आत फेकतो. तुम्ही दुपारी येऊन गाडी लावली, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल गरम होऊन वाफ झालं आणि वाटीच्या भोकातून बाहेर आलं. ते भोक मुळातच तिथे असतं, त्या काळच्या बहुतेक गाड्यांना असतं. मग कूलरने ती वाफ उचलून थेट तुमच्या दिवाणावर नेऊन सोडली. संध्याकाळी कूलर बंद केला की वास जातो, असं तुम्हीच लिहिलंय. लीक असतं तर कूलरकडे बघून थांबलं नसतं.

दुसरं कारण टाकी. सकाळी काठोकाठ भरून आणता. पेट्रोल पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येतं, म्हणजे थंड असतं. तुमच्या टाकीत 35 लिटर असेल आणि उन्हात ते 25 अंशांनी तापलं, तर पाऊण लिटरहून जास्त फुगतं. ते कुठेतरी जाणारच. टाकी पाऊणच भरा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. फोटोत गाडीच्या मागच्या चाकाशेजारी इन्व्हर्टर आहे आणि चार हातांवर तुळशीवृंदावन, त्यात दिवा. साहेब, यासाठी तरी माझं ऐका. गाडी किंवा कूलर, दोघांपैकी एकाने जागा बदलायला हवी. मी ‘घर दुरुस्त करा’ म्हणालो ते याच्यासाठी. त्याचा खर्च बहुधा कूलरच्या स्टँडची जागा बदलण्याइतकाच आहे.

बॉनेटवरचे पांढरे डागही कूलरचेच आहेत. बोअरचं जड पाणी दिवसभर ताट्यांवरून फिरतं, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, म्हणून संध्याकाळपर्यंत ते पाणी आणखी जड होतं. कूलरच्या कोपऱ्यातून त्याचे थेंब गरम बॉनेटवर पडले की तिथेच वाळतात. पांढऱ्या व्हिनेगरात भरपूर पाणी घालून मऊ फडक्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. रबिंग कंपाउंड घासू नका, रंग पातळ होईल.

स्टिअरिंगला आम्ही हात लावलेला नाही. आत लोखंडी कडं, वर पन्नास वर्षांचं कडक प्लास्टिक. दोन्ही सारखी फुगत नाहीत आणि पश्चिमेचं ऊन रोज काचेतून थेट त्यावर पडतं. तडे एपॉक्सीने भरून देता येतात, पण ऊन तेच राहिलं तर पुन्हा जातील.

म्हणजे पुन्हा पोर्च. तुम्ही त्यावर पत्रा टाकून तिन्ही बाजू बंद करायचं म्हणताय. तसं करू नका. बंद पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते आणि वाफेलाही बाहेर जायला वाट राहत नाही. पश्चिमेला बांबूची चिक किंवा हिरवी जाळी सोडा, पत्रा टाकलाच तर वरून चुना मारा आणि भिंत व पत्रा यांच्यात हातभर फट ठेवा. आपल्या जुन्या कवेलूच्या घरांत तापलेली हवा कवेलूंच्या सांदीतूनच वर निघून जायची, स्लॅबच्या घरात तेवढी सोय आपणच करावी लागते. कडुनिंबाखाली लावणार असाल तर उत्तम, फक्त पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या पडतात, त्या रोज झाडा. प्लास्टिकचं कव्हर फेकून द्या, सुती घ्या.

व्हिंटेज नंबराचं आम्ही टाळलं नाही, थांबवलं. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते; नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. तुम्ही ती रोज ऑफिसला नेता. वीस हजार भरून स्वतःच्याच गाडीला घरी बसवायचं असेल तर सांगा, कागद आम्ही आजही करून देऊ.

बिलाचे पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. लिहिलेलं प्रत्येक काम झालेलं आहे आणि बदललेले जुने भाग तुमच्या नावाच्या पेटीत ठेवले आहेत, पाहून घ्या. बेकलाइटचं पॅकिंग आणि आडोसा बसवायचा असेल तर सामानाचे पैसे तुमचे, मजुरी घेणार नाही. दिसणारही नाही असा बसवू. सकाळी आठच्या आत या, इंजिन थंड हवं. आणि येताना टाकी फुल करून आणू नका.