प्रतिभाताई "थेट" राष्ट्रपती झाल्या नव्हत्या हो

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, की प्रतिभाताई पाटील कधी निवडणूक लढल्याच नाहीत, दिल्लीच्या मर्जीने एकदम राष्ट्रपती भवनात गेल्या. हे चूक आहे, साफ चूक.

1962 साली वयाच्या 27व्या वर्षी त्या जळगावमधून आमदार झाल्या, त्याआधी जळगाव कोर्टात वकिली करायच्या आणि कॉलेजात टेबल टेनिसच्या चॅम्पियन होत्या (हे फॉरवर्डवाल्यांना कुठून माहीत असणार). नंतर एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, तिथून 1967, 72, 78 आणि 80 असं सलग चार वेळा निवडून आल्या, मधे राज्यात मंत्री पण होत्या आणि 1979 ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या, आता विरोधी पक्षनेतेपद काय कोणाच्या मर्जीने बसून मिळतं का? त्या काळात खानदेशात गावोगाव फिरून बाईने मतं मागायची म्हणजे काय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

पुढे 1985 ला राज्यसभा, तिथे उपसभापती, मग 1991 ला अमरावतीतून लोकसभा, 2004 ला राजस्थानच्या राज्यपाल. राष्ट्रपतीपद 2007 चं.

हां, 2007 ला त्यांचं नाव अचानक पुढे आलं आणि भल्याभल्यांना धक्का बसला, एवढं खरंय. पण नाव अचानक येणं वेगळं आणि निवडणूक न लढणं वेगळं. राष्ट्रपती म्हणून त्यांच्यावर टीका करायची तर खुशाल करा, फक्त 1962 पासूनचं खोडू नका.