‘ना नकाशा, ना इंजिनिअर’ म्हणे!

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा झकास फोटो आणि खाली मजकूर: ‘८०० वर्षांपूर्वी ना इंजिनिअर, ना नकाशे, ना क्रेन. निरक्षर वेठबिगारांनी तीनतीनशे वर्षं राबून ही गॉथिक कॅथेड्रलं उभारली. एक दगड हलला नाही, फक्त काचा ओघळून खाली जाड झाल्या. आजच्या विज्ञानाला हे जमणार नाही!’ महिन्याभरात हे तीन ग्रुपांवरून आलं, त्यातलं एक माझ्या मामांकडून. फोनवर समजावायला लागलो तर ते म्हणाले, “असं तोंडी नको, मुद्देसूद लिहून पाठव.” म्हणून हा प्रपंच. (कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या बड्या धर्मगुरूचं, मुख्य चर्च; गॉथिक ही टोकदार कमानींची मध्ययुगीन युरोपी बांधकामशैली.)

नकाशांपासून सुरुवात करतो, कारण ते आजही बघायला मिळतात. इंग्लंडमध्ये यॉर्क आणि वेल्स या शहरांतल्या कॅथेड्रलांत वरच्या मजल्यावर एकेक खोली आहे, जिची जमीन म्हणजेच ड्रॉइंग बोर्ड. जिप्समचा गिलावा घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर कमानींच्या, खिडक्यांच्या रेघा पूर्ण आकारात ओरखडलेल्या. एकावर एक, नुसतं जाळं. त्या रेघांवरून सुतार लाकडी फर्मे कापायचे आणि फर्मा दगडावर ठेवून पाथरवट घडाई करायचा. कागदी नकाशे कमी होते हे खरं, पण चर्मपत्रावरचे होते. जर्मनीतल्या कलोन कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा सुमारे ४ मीटर उंच आहे. मधल्या काळात तो गहाळ झाला होता. १८१४ मध्ये त्याचा अर्धा भाग डार्मश्टाटला सापडला, उरलेला दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. त्याच्याच आधारे १८८० मध्ये कलोनचे दोन्ही मनोरे पूर्ण झाले. म्हणजे नकाशा नव्हता म्हणता म्हणता सहाशे वर्षांनी नकाशाच कामी आला.

आता इंजिनिअर. पदवी नव्हती, कबूल. पण इंग्लंडमधल्या कँटरबरीचं उदाहरण घ्या. ११७४ मध्ये तिथल्या कॅथेड्रलचा पूर्वेकडचा भाग जळाला, तेव्हा भिक्षूंनी फ्रान्सहून विल्यम ऑफ सेन्स नावाचा मुख्य गवंडी नेमला. तिथल्याच जर्वेस नावाच्या भिक्षूने सगळा वृत्तांत लिहून ठेवलाय. विल्यमने समुद्रापलीकडून दगड मागवला, जहाजांवरून माल चढवण्या-उतरवण्याची यंत्रं तयार केली, पाथरवटांना फर्मे करून दिले. ११७८ मध्ये मोठ्या छताच्या कमानी चढवायच्या तयारीत असताना पायाखालची परांची मोडली आणि तो सुमारे ५० फुटांवरून दगड-लाकडांसकट खाली आला. तरी काही काळ अंथरुणात पडून तो काम कसं करायचं ते सांगत होता. अखेर जमेना, तेव्हा फ्रान्सला परतला आणि विल्यम नावाच्याच दुसऱ्या गवंड्याने काम पुढे नेलं. या माणसाला इंजिनिअर नाही तर काय म्हणायचं? फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथेड्रलमध्ये तर तीन मुख्य गवंड्यांची नावं १२८८ च्या लेखात बिशपच्या बरोबरीने कोरली आहेत.

क्रेनचा मुद्दा एका वाक्यात संपतो. कलोनच्या अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर मध्ययुगीन लाकडी क्रेन १८६८ पर्यंत उभी होती, जुन्या चित्रांत ती स्पष्ट दिसते. माणसाने आत चालून फिरवायचं चाक पाहायचं असेल तर ते इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलात अजून आहे.

‘वेठबिगार’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचं बांधकाम चालू असतानाचे १२५३ सालचे आठवडावार हिशोब शिल्लक आहेत. (ॲबी म्हणजे मठाचं चर्च, कॅथेड्रल नव्हे, पण कारागीर त्याच जातकुळीचे.) दगड घडवणारे, संगमरवरवाले, सुतार, लोहार, काचकाम करणारे, शिसं ओतणारे आणि साधे बिगारी, सगळ्यांची मजुरी वेगवेगळी मांडलेली. काही काम रोजंदारीवर, काही उक्तं. उन्हाळ्यात माणसं ४०० च्या वर आणि थंडी सुरू झाली की जेमतेम १००, कारण गोठवणाऱ्या थंडीत चुना नीट धरत नाही. इंग्लंडचे राजे कधीकधी गवंड्यांना सक्तीने बोलावून घेत, पण मजुरी देत. आणि फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलसाठी ११४५ च्या सुमारास भाविकांनी स्वतः गाड्या ओढल्याच्या नोंदी आहेत, त्याला फार तर श्रमदान म्हणू. मात्र सगळं गोडीगुलाबीत झालं असंही नाही. फ्रान्समधल्या रेंसला १२३३ मध्ये नागरिक आर्चबिशपविरुद्ध उठले, कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना शहर सोडून पळावं लागलं आणि काम थांबलं.

‘तीनतीनशे वर्षं’ हेही अर्धसत्य. शार्त्र ११९४ मध्ये जळालं, १२२० च्या सुमारास मुख्य इमारत उभी होती. सॉल्झबरीची मुख्य इमारत १२२० ते १२५८, म्हणजे ३८ वर्षं (शिखर नंतरचं). आपल्याकडचे काही उड्डाणपूल आठवले, असो. कलोनला १२४८ ते १८८० लागली, पण मधली जवळजवळ तीनशे वर्षं काम बंदच होतं.

‘एक दगड हलला नाही’ म्हणणाऱ्यांनी फ्रान्समधलं बोव्हे पाहावं. तिथे ४८ मीटर उंच छत चढवलं, ते १२७२ मध्ये पूर्ण झालं आणि १२८४ मध्ये त्यातलं बरंचसं कोसळलं. का, यावर अजून वाद आहेत. कमान वजन नुसतं खाली नेत नाही, बाजूलाही रेटते. टोकदार कमान हा रेटा कमी करते आणि उरलेला रेटा बाहेरचे तिरके टेकू पेलतात. हे गणित बोव्हेत कुठेतरी हुकलं. कारागिरांनी मधेमधे जादा खांब घालून छत पुन्हा उभं केलं. पुढे १५६९ मध्ये त्याच इमारतीवर १५३ मीटरचा मनोरा चढवला. पश्चिमेच्या बाजूने त्याला आधार द्यायला मंडपच बांधलेला नव्हता. चार वर्षांत, १५७३ मध्ये, तोही खाली आला. बोव्हेचं कॅथेड्रल आजही अर्धवटच आहे.

काच ओघळत नाही. त्या काळी फुंकून केलेली काच मुळातच जाडीला कमी-जास्त व्हायची. काही ठिकाणी जाड कड वर किंवा बाजूलाही सापडते. वेस्टमिन्स्टरच्या जुन्या काचेसारखीच काच करून संशोधकांनी हिशोब मांडला, तर अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल, असं निघालं.

राहिलं ‘आज जमणार नाही’. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दामचं छप्पर जळालं, शिखर कोसळलं, दगडी छताला भोकं पडली. सुतारांनी ओकचे वासे जुन्या पद्धतीने कुऱ्हाडीने तासले, गवंड्यांनी सेंटरिंग लावून कमानी पुन्हा बांधल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते उघडलंसुद्धा. मामा, तुम्ही पाठवलेला फोटो जरा मोठा करून बघा. शिखराच्या टोकावर चकचकीत सोनेरी कोंबडा दिसतोय ना? तो डिसेंबर २०२३ मध्ये बसवलाय.