'धावून इन्सुलिन बंद करून दाखवा' म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'टाइप वन डायबिटीस असताना मॅरेथॉन धावणं म्हणजे जिवाशी खेळ. या लोकांना आपला आजार मान्यच नसतो, म्हणून ते धावतात. एवढी हौस असेल तर धावून इन्सुलिन बंद करून दाखवा. नाहीतर रोज तासभर चाला, तेवढं पुरे.' मला तो चार जणांनी पाठवला. चौघंही माझी काळजी करणारे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी इन्सुलिनचं बोलू, कारण त्या वाक्यानं एखाद्याचा जीव जाईल. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं नष्ट केलेल्या असतात. कितीही किलोमीटर धावलं तरी त्या परत येत नाहीत. धावताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे डोस कमी लागतो, हे खरं. पण इन्सुलिन अजिबातच नसेल तर यकृत साखर सोडत राहतं, चरबी जळून कीटोन साचतात आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या निदानानंतर मुलं फार जगत नसत. नुकतंच निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांना हा मेसेज चुकूनही पाठवू नका.

'जिवाशी खेळ.' धोका आहे, नाकारत नाही. एका लांब सरावात २८व्या किलोमीटरला मला घड्याळातले आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागेना. ओठ बधिर झाले होते. सेन्सर ८१ दाखवत होता, बोट टोचलं तर ५८. (सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, ती भराभर उतरत असली की तो काही मिनिटं मागे राहतो.) कडेला बसून खडूसारख्या लागणाऱ्या ग्लुकोजच्या चार गोळ्या चावल्या, पंधरा मिनिटं थांबले, पुन्हा टोचलं. ९६. त्या दिवशी पुढे धावले नाही, चालत घरी आले.

तेव्हापासून नियम पक्के केलेत. निघताना शुगर १२६ ते १८० च्या मध्ये हवी. कीटोन वाढलेले असले तर बूट घालायचेच नाहीत. धावल्यानंतर त्या रात्रीही शुगर उतरू शकते, म्हणून झोपताना अलार्म. डोसचे बदल डॉक्टरांशी बोलून, माझ्या नोंदवहीतल्या आकड्यांवरून.

'आजार मान्य नसतो' याचं उत्तर त्या नोंदवहीतच आहे. इतक्या बारकाईनं मी माझ्या आजाराकडे आधी कधीच पाहिलं नव्हतं.

काही जण माझी बाजू घेताना ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफचं नाव घेतात: दमा असूनही २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम. मला तिचं फार कौतुक आहे, पण हा युक्तिवाद नको. धावण्याची मुभा विक्रम करणाऱ्यांनाच आहे, असं त्यातून वाटायला लागतं.

चालणं उत्तमच, मीही चालते. पण 'तेवढं पुरे' हे माझ्या वतीनं कुणी ठरवायचं? अकराव्या वर्षी निदान झालं आणि पीटीच्या तासाला मला बाकावर बसवायला लागले. मुलं पळायची, मी त्यांची घड्याळं सांभाळायची. एकदा माझ्या मांडीवर नऊ घड्याळं होती. मला ४२.१९५ किलोमीटर धावायचंय ते त्या बाकावरून उठण्यासाठी. शिवाय तिमाही एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा ताप, ताण, जागरण कशानंही हलतो. धावलेले किलोमीटर कमी होत नाहीत.

पुढच्या मॅरेथॉनसाठी वेळेचं लक्ष्य ठेवलेलं नाही. शुगर ७० च्या खाली न जाता पोहोचायचं. गेलीच तर वर येईपर्यंत थांबायचं, आणि ५४ च्या खाली गेली तर शर्यत तिथंच सोडायची. सोबत धावणाऱ्या मैत्रिणीला हे दोन्ही आकडे पाठ आहेत.