लाल लघवी आणि किरणांचा बागुलबुवा

आठवडाभर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, मातीतल्या ज्या जंतूंपासून अँटिबायोटिक्स काढतात त्यांना कंपन्या ‘अणुकिरण’ देतात. ते गोळीत उतरतात, औषधही बदलतं. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते हा पुरावा. औषधांना न जुमानणारे जंतू याच प्रयोगांतून सुटले. म्हणून बरं वाटलं की गोळ्या बंद करा. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

जास्त औषध देणारे वाण मिळावेत म्हणून जंतूंना किरण देतात, एवढं खरं.

लघवीचं आधी उरकू. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे औषधच मुळात तांबडं-नारिंगी. शरीराबाहेर पडताना ते लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगवतं. किरणांचा काही संबंध नाही.

‘किरण गोळीत उतरतात.’ किरण गोळीला कुणी देतच नाही, देतात ते बियाण्याला. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जिवाणू (पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो बराचसा यांचाच) घ्यायचे, त्यांचे बीजाणू पाण्यात कालवून उथळ बशीत ओतायचे आणि वर अतिनील दिवा लावायचा. घरच्या यूव्ही प्युरिफायरमध्ये असतो त्याच जातीचा. दिवा मालवला की विषय संपला. उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी रात्री चमकते का? क्ष-किरणांचंही तेच.

बशीतले बहुतेक बीजाणू मरतात. उरलेल्यांच्या डीएनएत कुठेतरी, कसाही बदल झालेला असतो. मग एकेकाची वसाहत वेगळी वाढवून कोण किती औषध बनवतो ते पाहायचं. बरेचसे मूळच्यापेक्षा कमीच बनवतात. खरं काम दिव्याचं नाही, या निवडण्याचं आहे. तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं.

या कंटाळवाण्या कामातूनच एक शोध लागला. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला आल्बर्ट केल्नर स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसवर अतिनील किरण सोडत होते. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध देणारी जात ती हीच. किरणांची मात्रा तीच, पण जगणाऱ्या बीजाणूंचा आकडा दर वेळी भलताच. आधी संशय तापमानावर. शेवटी चोर सापडला खिडकीत: ज्या नळ्यांवर साधा उजेड पडत होता, त्यांतले बीजाणू सावरत होते. उजेडाच्या जोरावर डीएनएची डागडुजी होते, हे १९४९ साली असं कळलं. म्हणून आजही किरण दिल्यावर बशी अंधारात ठेवतात, नाहीतर केलेली मोडतोड जिवाणू स्वतःच दुरुस्त करून टाकतो. मेसेजवाल्यांचे ‘अणुकिरण’ खिडकीतल्या उन्हापुढे इतके दुबळे!

‘औषध बदलतं.’ इथे मेसेज निदान दाराशी तरी पोचलाय. बदललेला जिवाणू क्वचित वेगळा रेणू बनवतो. मिसुरीच्या मातीतून १९४५ साली मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्सच्या एका उत्परिवर्तित (डीएनए बदललेल्या) वाणानं पुढे डिमेक्लोसायक्लिन दिलं. पण ते वेगळ्या नावाचं, वेगळं औषध म्हणूनच बाजारात आलं, जुन्याच्या बाटलीत लपून नाही.

‘न जुमानणारे जंतू इथून सुटले.’ हे वाण लाडावलेल्या गोठ्यातल्या गाईसारखे. पोषक द्रवाच्या टाकीत खूप औषध देतात. बाहेर मातीत रानटी भावंडांपुढे टिकणं कठीण. शिवाय ते माणसाला टीबी देत नाहीत. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली आले, तेव्हा काही महिन्यांतच रुग्णांचे टीबीचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. ते जंतू रुग्णांच्याच फुप्फुसातले, बदल त्यांच्यात आपसूक झालेला, आणि एकच औषध दिल्यानं नेमके तेच तगले. उतारा सापडला तो सोबत दुसरं औषध देण्यात. टीबीला आज एकदम तीन-चार औषधं देतात ती याचसाठी.

मेसेज वाचून एकानं मला खासगीत विचारलं, ‘चार महिने झालेत, खोकला गेलाय, थांबवू का?’ डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. मी लिहिलं, उरलेले दोन महिने घ्या, लघवी लाल होऊ दे.