काटा कायम हिरव्यावर

"मिस्टरांना सांगा, सिलिंडरला टॅग नाहीये."

हे वाक्य आरटीओच्या साहेबांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. ते आमच्या ड्रायव्हरकाकांकडे बघून म्हणाले. मी दोघांच्या बरोब्बर मधे उभी होते, हातात फाइल, फाइलमध्ये विमा, पीयूसी, परमिट, टॅक्सची पावती, सगळं तारीखवार लावलेलं. मी म्हटलं, "साहेब, गाडी माझ्याच नावावर आहे. आरसी बघा."

त्यांनी आरसी बघितली. मग मला बघितलं. आणि पुन्हा काकांकडे वळून म्हणाले, "मग मॅडमना सांगा."

काकांनी मला सांगितलं. एका हाताच्या अंतरावरून.

मागचं थोडक्यात सांगते. कळंबोलीत आमचा ट्रान्सपोर्ट आहे. म्हणजे पाच गाड्या, एक खोली आणि एक पंखा. ह्यांची कंबर धरली, डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली आणि गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग असतं, पुढे दरवर्षी. आमची ही दहाटायर आठ कधीच ओलांडून बसली आहे, त्यामुळे दरवर्षी तिला नटवून सरकारला दाखवायला न्यावं लागतं. आणि मला मेलीला वाटलं, आपण हे नीट करू. एजंटशिवाय. नियमाप्रमाणे.

नियमाप्रमाणे म्हणजे काय काय असतं ते एकदा ऐका. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. जुन्या पट्ट्या ब्लेडने खरवडून काढल्या, खाली रंग निघाला, रंगावर रंग दिला, मग नव्या चिकटवल्या. मागच्या बाजूला तो आडवा लोखंडी दांडा, कार घुसली तर थेट चाकाखाली जाऊ नये म्हणून असतो तो, वाकला होता. वेल्डरकडून सरळ केला. वायपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट, मडफ्लॅप. वेग बांधून ठेवणारा स्पीड गव्हर्नर ताशी 80 किलोमीटरवर सील केलेला. आता आमच्या गाडीला 80 गाठायचं तर तिला बोरघाटातून खाली ढकलावं लागेल, पण नियम म्हणजे नियम.

मग फाळक्याचं, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीवरचं, लिखाण. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला आपल्या राज्यात 2015 साली परिवहन आयुक्तांनी बंदी घातली. ते वाचून मागचा माणूस उगाच हॉर्न वाजवत सुटतो, असं कारण. आमच्या फाळक्यावर त्यावर रंग मारला होता, पण उन्हात तो विटला आणि 'ओके' पुन्हा वर आलं. नुसतंच ओके. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, मोकळी जागा बरी दिसत नाही, काहीतरी लिहू. काका म्हणाले, 'आईचा आशीर्वाद' लिही. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे मला एकदम 'आई' पुरेसं वाटायला लागलं. शेवटी आशीर्वादासकट लिहिलं. पुढे लिंबूमिरची होतीच. एक सांगते, त्या गाडीवर न चुकता बदललं जाणारं सुरक्षेचं साधन ते एकच आहे. दर शनिवारी. कुणाला सांगावं लागत नाही.

आणि अग्निशामक सिलिंडर. जुना होता त्याचा दाब उतरलेला, म्हणून पनवेलला जाऊन नवा आणला. आयएसआय मार्कचा, जीएसटीच्या पक्क्या बिलासकट. लालभडक. बुडाला मार्करने आमच्या ट्रान्सपोर्टचं नावही घातलं, कारण वस्तू हलतात.

तर या सिलिंडरला टॅग नाही म्हणून गाडी अडली. टॅग म्हणजे रिफिल कधी केला त्याचं कार्ड. मी म्हटलं, नवा आहे, अजून वापरलाच नाही तर रिफिल कुठून करणार? बिल दाखवलं. साहेब म्हणाले, बिल बरोबर आहे, पण टॅग लागतो. म्हणाले काकांनाच.

ब्रेक टेस्टचा ट्रॅक 250 मीटरचा हवा, हे आपल्याकडे हायकोर्टाला सांगावं लागलं होतं. नाहीतर बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच पासिंग उरकायचं. तेव्हा आता ग्राउंड असतं, ट्रॅक असतो, आणि ग्राउंडच्या कडेला बाभळीखाली मामा असतात.

मामांचं खरं नाव तिथे कुणालाच माहीत नसावं. साठीचे, पांढरी टोपी, अंगात चमकणारं पिवळं सेफ्टी जॅकेट. अख्ख्या ग्राउंडवर जॅकेट घातलेला माणूस तो एकच. शेजारी एक जुनी ओम्नी, मागचा दरवाजा वर, आणि आत दुकान: सिलिंडर, त्रिकोण, फर्स्ट एडच्या पेट्या, आणि खाली सतरंजीवर चार नव्यासारखे काळे टायर. मी सावलीला गेले तर त्यांनीच हाक मारली.

"काय अडलं वैनी? सिलिंडर का त्रिकोण?"

"सिलिंडर. टॅग नाही म्हणाले."

"नवा घेतला असणार." ताप आलेल्या माणसाला डॉक्टर 'बाहेरचं खाल्लं असणार' म्हणतात, अगदी त्याच सुरात.

"मग? नवा घेऊ नये?"

"नवा घेऊच नये. नव्याला वळखतंय कोण?" त्यांनी गाडीतून एक पोचे पडलेला सिलिंडर काढला, मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला. "ह्यो बघा. इतकी वर्सं झाली, रोज पास होतोय. एकदा नापास नाही. सायेब किती आले, किती गेले. सिलिंडर त्योच."

टॅग होता. टॅगला टॅग बांधलेला होता. मी विचारलं, "पण आत पावडर आहे का?"

"काटा बघा की."

काटा हिरव्यावर होता. मी सिलिंडर हातात घेऊन हलवला. काटा हिरव्यावर. तिरका केला, उलटा केला, गदागदा हलवला. काटा ढिम्म.

"फेविक्विक," मामा म्हणाले. "काय होतं, दिवसभर ह्या गाडीतनं त्या गाडीत जातो, हादरे बसत्यात, काटा हलतो. मग सायबांना तरास."

"आणि मामा, आग लागली तर?"

या प्रश्नावर तो माणूस खरंच गोंधळला. खोटं नाही सांगत. त्यांनी ग्राउंडवर एकदा नजर फिरवली. रांगेत ट्रक, टेम्पो, रिक्षा, स्कूल बस. मग मला विचारलं, "आग? हितं?"

मी विषय बदलला. म्हटलं, पेटी कशी देता? मी आमच्या पेटीत कापूस, बँडेज, आयोडीन, कात्री असं सगळं भरून आणलं होतं, पण आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता. मामांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, स्वच्छ, वर लाल क्रॉस. एक उघडायला गेले तर उघडेना.

"कुलूप हाय त्याला."

"किल्ली?"

"किल्ली कशाला? पेटी उघडायची नसती वैनी. उघडली की कायतरी कमी भरतंच. कुलूप बघितलं की सायेब समजतो, आत सगळं हाय."

मी सांगते, मी अकाउंट्स शिकलेली बाई आहे, पण या युक्तिवादात मला अजून छिद्र सापडलेलं नाही.

दर असे. सिलिंडर शंभर रुपये, पेटी पन्नास, त्रिकोण जोडीने साठ. टायरचं वेगळं, काढण्या-घालण्याची मजुरी वेगळी. गाडी पास होऊन ग्राउंडच्या बाहेर गेली की त्याच झाडाखाली जुने टायर परत चढतात आणि ती गुळगुळीत चाकांवर गुजरातला निघते. आमचे टायर बरे होते. मामांना ते आवडलं नसावं, दोनदा बुटाने ठोकून बघितले. मी फक्त सिलिंडर घेतला.

"डिपॉझिट पाचशे."

"जीपे चालेल?"

"भाड्याला चालतंय. डिपॉझिटला नाय. नायतर वस्तू ठिवा."

रोख संपली होती. ठेवायला माझ्याकडे एकच वस्तू होती. माझा नवा, भरलेला, बिलासकटचा सिलिंडर मामांच्या ओम्नीत गेला आणि त्यांचा रिकामा, फेविक्विकचा सिलिंडर माझ्या केबिनमध्ये आला. गाडी पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मधल्या वेळात केबिनमध्ये डोकावले तर काका झोपलेले. आमची फर्स्ट एडची पेटी उशाला. रात्रभर जालन्याहून सळया घेऊन आले, पहाटे कळंबोलीत माल उतरवला, तोंड धुतलं आणि थेट ग्राउंडवर. रांग पुढे सरकली की उठायचे, गाडी दोन हात पुढे घ्यायचे, पुन्हा पेटीवर डोकं. मी उठवत होते आणि मलाच लाज वाटत होती.

आता इथे मला विनोद सुचत नाही, तर तसंच लिहिते. त्या माणसाचे डोळे लाल होते. इंडिकेटर पिवळा आहे का हे बघितलं गेलं, पट्टी मागे लालच आहे ना हे बघितलं गेलं. डोळे कुणी बघितले नाहीत. फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही, तपासणी गाडीची असते. 1961 साली मोटार कामगारांसाठी कायदा केला त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं स्वच्छ लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यांना बहुतेक माल पोहोचवायचा नव्हता. आमची जी पार्टी, म्हणजे माल पाठवणारी कंपनी, सेफ्टीचे सगळे कागद मागते, आणि एक कागद कमी असला तर गाडी गेटच्या आत घेत नाही, त्याच पार्टीचा डिस्पॅचवाला रात्री दोन वाजता काकांना फोन करतो, कुठवर आली गाडी? उशीर झाला की भाड्यातून कापतो. मग गाडी कुणी थांबवायची आणि कुठे? समृद्धी महामार्गावर 701 किलोमीटर सरळ रस्ता दिला आहे, ट्रकवाल्याला चार तास निर्धास्त झोपायला जागा किती दिली आहे ते काकांना विचारा. आडोशाला गाडी लावली तर डिझेल चोरतात, रस्त्याच्या कडेला लावली तर मागून कुणीतरी येऊन आदळतं. दोन ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही असं सगळे ट्रान्सपोर्टवाले म्हणतात. आम्हीपण म्हणतो. भाडं ठरवताना दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे धरा म्हटलं तर पार्टी दुसरा ट्रान्सपोर्ट धरते.

असो. आमचा नंबर आला.

साहेबांनी केबिनमध्ये पाहिलं. टॅग पाहिला. काटा पाहिला. हिरवा. मान हलवली, मोबाइलवर गाडीचे फोटो काढले, काकांना म्हणाले, "आता कसं व्यवस्थित झालं." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी आरसीकडे बघितलं.

पास.

सिलिंडर परत करायला बाभळीखाली गेले तर मामा होते, ओम्नी होती, माझा सिलिंडर नव्हता.

"मामा, माझी वस्तू?"

"येईल की आता." आणि त्यांनी हनुवटीने ट्रॅककडे दाखवलं. एक चारशेसात, म्हणजे टाटाची छोटी मालगाडी, साहेबांसमोर उभी होती. तिच्या केबिनमध्ये लालभडक, कोरा करकरीत सिलिंडर. मी लांबूनही ओळखला असता, पण तरी जवळ गेले. बुडाला मार्करने आमचंच नाव. गळ्यात टॅग. साहेबांनी टॅग पाहिला, काटा पाहिला, मान हलवली.

पास!

मी तावातावाने परत आले. "मामा, तो माझा आहे. मगाशी नापास झाला होता!"

"टॅग नव्हता म्हणून. मी लावला." एवढं सांगून त्यांनी मला समजूत घालायच्या सुरात पुढे सांगितलं, "धंद्याची वस्तू रिकामी कशाला बसवायची वैनी? तुमचाच मान झाला. लई चांगला पीस हाय, हलका हाय, काटा खरा हाय."

चारशेसातवाल्याकडून शंभर घेतले होते. माझ्याकडून शंभर घेतले होते. म्हणजे मी माझा चालू सिलिंडर देऊन, वर शंभर भरून, बंद सिलिंडर भाड्याने घेतला, आणि माझ्या चालू सिलिंडरचं भाडंही त्यांनाच. सिलिंडर हातात आला तेव्हा मामांनी टॅगचे वीस रुपये वेगळे मागितले. दिले. जीपेने. ते लगेच वाजलं, "वीस रुपये प्राप्त झाले."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. कंबर धरून इतके हसले की पुन्हा शेक द्यावा लागला. वर म्हणाले, "एजंट केला असता तर मामांचे पैसे त्यातच असतात."

रात्री मामांचा फोन आला. नंबर जीपेवरून मिळालेला. म्हणे, तो पीस गाडीत ठेवून काय करणार, चोरीला जाईल. माझ्याकडं असू दे. सीझनला दिवसाला आठ-धा गाड्या होतात. तुमच्या पाचही गाड्यांना पासिंगला फुकट, आणि भाड्यात निम्मे निम्मे.

मी साठ टक्के मागितलेत. पावडर माझी आहे. शिवाय त्या आठ-धा गाड्यांचा हिशेब रोजच्या रोज लिहून हवा, असंही सांगितलं. मामा म्हणाले, विचार करून सांगतो, पण एकदा मिस्टरांशी बोलणं करून द्या.